अग्निवीराचे पावणेबारा लाख

मुंबईतल्या आमच्या मुलुंडहून लोकलनं कल्याणकडे निघालं की तिसरं स्टेशन मुंब्रा. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या स्टेडियमवर अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांपुरत्या फौजेत घेतलेल्या तरुणांची, पहिली भरती झाली. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, नाशिक, धुळे, नंदुरबार अशा आठ जिल्ह्यांतली मुलं तिथे धावली. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर साठपैकी साठ गुण. त्यानंतर मेडिकल, लेखी परीक्षा, मेरिट लिस्ट, आणि मग ट्रेनिंग सेंटरचं पत्र. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या जानेवारीत दाखल झाली. नौदलाच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. तिचं दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर झालं.

या मुलामुलींची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के नियमित सेवेत राहतील. बाकीचे बावीस-तेवीस-चोवीस वर्षांचे तरुण घरी येतील. प्रत्येकाच्या खात्यावर ‘सेवा निधी’ नावाची एकरकमी रक्कम जमा होईल, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कधी एवढी रक्कम एकत्र पाहिलेली नसेल, अशी घरं यांत पुष्कळ आहेत.

या पैशांचं पुढे काय व्हायला हवं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी हिशेब पाहू. अग्निवीराचं वेतन पहिल्या वर्षी महिना ३० हजार, दुसऱ्या वर्षी ३३ हजार, तिसऱ्या वर्षी साडेछत्तीस हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले तीस टक्के दरमहा सेवा निधीसाठी कापले जातात आणि सरकार तेवढीच रक्कम स्वतःची घालते. म्हणजे पहिल्या वर्षी हातात येतात २१ हजार आणि कापले जातात ९ हजार. चौथ्या वर्षी हातात २८ हजार, कपात १२ हजार. चार वर्षांत मुलाचे ५ लाख २ हजार आणि सरकारचे ५ लाख २ हजार, मिळून १० लाख ४ हजार. व्याज धरून ११ लाख ७१ हजार, आणि त्यावर प्राप्तिकर नाही.

आता हातात आलेल्या पगाराची बेरीज करून पाहा. चार वर्षांची ती बेरीजही ११ लाख ७१-७२ हजारांच्या घरात जाते. खडतर नेमणुकीचे, प्रवासाचे आणि गणवेशाचे भत्ते वेगळे. म्हणजे जेवढं चार वर्षांत महिन्या-महिन्यानं हातात पडलं आणि खर्चून गेलं, तेवढंच शेवटी एका दिवसात येतं. घरच्यांनी हा आकडा डोक्यात पक्का ठेवावा. ही लॉटरी लागलेली नाही. ही त्याची अर्धी कमाई आहे, उशिरा दिलेली.

ही रक्कम कशाच्या बदल्यात आली, तेही स्वच्छ पाहायला हवं. नियमित सेवेतला जवान पंधरा वर्षांच्या पुढे सेवा करून पेन्शन घेतो. पेन्शनीला महागाई भत्त्याची जोड असते, ग्रॅच्युइटी असते, माजी सैनिकांची आरोग्य योजना असते, कॅन्टीन असतं. नोकरीत असतानाही त्याच्या पगारातून सक्तीची बचत होते. भविष्य निर्वाह निधीत मूळ पगाराच्या किमान सहा टक्के जातात. बरेच फौजी त्याहून जास्त टाकतात, कारण त्यावर ७.१ टक्के व्याज आणि सरकारची हमी मिळते. १९७६ पासून लष्कराचा गट विमा निधी आहे. त्यात हप्ता भरत राहिलं की निवृत्तीच्या वेळी त्यातूनही रक्कम मिळते. या जवानाला गुंतवणुकीतलं काहीही कळत नसलं तरी म्हातारपण उघड्यावर पडत नसे, कारण त्याच्या वतीनं व्यवस्थेनं आधीच बचत करून ठेवलेली असे.

अग्निवीराला यातलं बहुतेक काही नाही. केंद्र सरकारची किमान पेन्शन महिना ९ हजार रुपये आहे आणि तिच्यावर महागाई भत्ता चढत जातो. आता ११ लाख ७१ हजार रुपये पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेच्या ७.४ टक्के दरानं ठेवता आले असते असं धरलं, तरी महिन्याला ७ हजार २०० रुपयेच पडतात, आणि ते कधीही वाढत नाहीत. शिवाय त्या योजनेत एका नावावर ९ लाखांच्या वर ठेवता येत नाही. तेव्हा पेन्शनच्या जागी सेवा निधी आला असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही. पेन्शन गेली. तिच्या जागी एक भांडवल आलं आणि ते सांभाळायची सगळी जोखीम तेविशीच्या मुलाच्या डोक्यावर आली. अग्निवीर योजना चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी एवढं मान्य करावं लागतं. आणि जोखीम त्याच्यावर टाकली, तर ती पेलायची विद्या देणं हीही टाकणाऱ्याची जबाबदारी ठरते.

सेवेत असताना मृत्यू आला तर मात्र रक्कम मोठी असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते हा अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये गेला. तेव्हा त्याच्या वारसांना काय मिळेल हे लष्करानं जाहीर केलं होतं : विम्याचे ४८ लाख, सानुग्रह अनुदान ४४ लाख, युद्धहानी निधीतून ८ लाख, उरलेल्या कार्यकाळाचा १३ लाखांहून अधिक पगार, आणि सेवा निधीतली त्याची तीस टक्क्यांची वर्गणी, सरकारचा तेवढाच वाटा व व्याज. बेरीज एक कोटीच्या वर जाते. यादीत पेन्शन मात्र नव्हती.

मुलुंडपासून पाच स्टेशनं अलीकडे, घाटकोपरच्या कामराज नगरात मुरली नाईकचे आईवडील राहत होते. घर मूळचं आंध्र प्रदेशातलं, पोट मजुरीवर. मुरलीची अग्निवीर म्हणून निवड झाली आणि ९ मे २०२५ रोजी, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी गोळीबारात तो शहीद झाला. त्याच्या आईनं मग मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नियमित जवानाच्या वारसाला मिळते तशी पेन्शन आणि इतर लाभ अग्निवीराच्या वारसालाही मिळावेत, अशी मागणी. एकाच मोर्च्यावर, एकाच शत्रूच्या गोळीनं पडलेल्या दोघांच्या आयांमध्ये फरक का, हा तिचा प्रश्न आहे. माझ्या मते तो रास्त आहे.

या दोन घरांवरून पैशाबद्दल एक गोष्ट ताबडतोब करण्याजोगी दिसते, ती म्हणजे नामनिर्देशन. भरतीच्या वेळी मुलगा घाईत फॉर्म भरतो. पुढे लग्न होतं, वडील जातात, पत्ता बदलतो, नॉमिनीचा रकाना मात्र तसाच राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. युनिटमधल्या नोंदी, पगाराचं खातं आणि स्वतःच्या सगळ्या ठेवी, तिन्ही ठिकाणची नावं दर सुट्टीत एकदा तपासावीत. आईवडिलांचं स्वतःचं बँक खातं चालू आहे ना, आधार कार्डावरचं आणि पासबुकावरचं नाव जुळतं ना, हेही. या गोष्टी दुःखाच्या दिवसांत धावपळ करून दुरुस्त कराव्या लागतात, तेव्हा घराचे फार हाल होतात.

फौजेच्या पैशाची समज कुठून मिळते याबाबत मुलुंडची गोष्ट सातारा-सांगलीपेक्षा वेगळी आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे (मिलिटरी) नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावात फौजेचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असतो. सुट्टीवर आलेल्या पोराला कुणी ना कुणी निवृत्त सुभेदार पारावर बसवून चार गोष्टी सांगतो. मुलुंडमध्ये असा सुभेदार सहज सापडत नाही. इथली मुलं बँकेत, इंजिनीअरिंगला, सीएला जातात. फौजेत जाणारं पोर बहुतेक डोंगराकडच्या वस्त्यांमधलं, नाहीतर चाळीतलं किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीतलं. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड जाणणारे लोक त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात, पण त्याची त्यांच्याशी ओळख नसते.

एकरकमी पैशाचं काय होतं, हे मात्र या उपनगरानं पाहिलेलं आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरचा भांडुप-मुलुंडचा पट्टा एके काळी कारखान्यांचा होता. ते बंद होत गेले तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या कामगारांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले. काहींनी नीट ठेवले. पुष्कळांचे मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या स्लॅबमध्ये, मेहुण्याबरोबरच्या धंद्यात, नाहीतर चालवायला घेतलेल्या रिक्षेत गेले. पैसे संपले तेव्हा वय उलटून गेलेलं होतं. अग्निवीराच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचं वय तेवीस आहे. पण त्याच्याभोवतीचे मोह तेच आहेत, मागणारे तेच आहेत, आणि नाही म्हणायचं बळ पन्नाशीच्या माणसापेक्षा त्याच्याकडे कमीच असणार.

दुसरा धडा आणखी जवळचा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं मुख्यालय भांडुपला होतं. मुलुंडमधले किती तरी पेन्शनर, दुकानदार आणि सोसायट्या तिचे खातेदार. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा दिली. ती पुढे टप्प्याटप्प्यानं वाढली. सुमारे नऊ लाख ठेवीदार अडकले. बँकेनं एकाच बिल्डर समूहाला, एचडीआयएलला, साडेसहा हजार कोटींहून अधिक कर्ज दिलं होतं आणि ते लपवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना उरलेले पैसे दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळण्याची वाट पाहावी लागली.

यातून अग्निवीरानं घ्यायचा नियम असा. ठेव विमा एका बँकेत, एका माणसाला, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तर तो एकच लाख होता. तेव्हा पावणेबारा लाख एका बँकेत मुदत ठेवीत टाकायचे नाहीत. तीन बँका, किंवा दोन बँका आणि पोस्ट. पोस्टाच्या मागे थेट सरकार आहे. पतसंस्था आणि ‘मल्टिस्टेट’ नावाच्या सोसायट्यांना तर हा विमा अजिबात लागू नाही. मराठवाड्यात ज्ञानराधा मल्टिस्टेट बुडाली तेव्हा हे लाखो ठेवीदारांना उशिरा कळलं. दोन टक्के जास्त व्याजाचा मोह किती महाग पडतो, हे त्यांना विचारावं.

आता सेवेतली चार वर्षं. उदाहरणासाठी मुलुंडच्या एखाद्या चाळीतला मुलगा धरू. वडील सुरक्षारक्षक, आई घरकाम करते, धाकटी बहीण अकरावीला. याला पहिल्या वर्षी हातात २१ हजार येतात. राहणं, जेवण, कपडे लष्कराचे. बारा हजार घरी पाठवतो, चार हजारांत फोन आणि सुट्टीचं तिकीट भागवतो. पाच हजार उरतात. हे पाच हजार चार वर्षं कुठे ठेवायचे?

पहिला सल्ला त्याला विमा एजंट देतो. वीस वर्षांची पॉलिसी, ‘बचत पण, संरक्षण पण’. हा सल्ला त्याच्यासाठी चुकीचा आहे. नोकरी चार वर्षांची आणि हप्ता वीस वर्षांचा, हे गणित जुळत नाही. पाचव्या वर्षी हप्ता थकला की पॉलिसी सोडताना नुकसान होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम थोडे ग्राहकाच्या बाजूनं बदलले, तरी होतं. संरक्षणाची गरज सेवेतल्या ४८ लाखांच्या विनावर्गणी विम्यानं भागते. करबचतीचं कारण तर मुळीच नाही. सेवा निधीच्या वर्गणीला स्वतंत्र सूट आहे, आणि वर्षाला पाच लाखही न मिळवणाऱ्याला नव्या करप्रणालीत कर भरावाच लागत नाही. ‘टॅक्स वाचेल’ असं म्हणून पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याला हे तोंडावर सांगावं.

दुसरा सल्ला पोस्टाच्या आरडीचा. व्याज ६.७ टक्के, पैसा सुरक्षित. पण तिची मुदत पाच वर्षांची आहे. तीन वर्षांनंतर ती मोडता येते, मात्र तेव्हा व्याज बचत खात्याच्या दरानं, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळतं. चार वर्षांच्या नोकरीत पाच वर्षांची आरडी उघडणाऱ्यानं शेवटच्या वर्षाचे हप्ते सेवा निधीतून भरायची तयारी ठेवावी. नाहीतर बँकेत अठ्ठेचाळीस महिन्यांची आरडी काढावी, ती मिळते. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर दरमहा पाच हजारांचे चार वर्षांत सुमारे पावणेतीन लाख होतात. घरी परतल्यावर पहिलं वर्षभर नोकरी शोधताना, परीक्षा देताना हे पावणेतीन लाख चूल पेटती ठेवतील आणि सेवा निधीला हात लावायची पाळी येणार नाही. या बचतीचं एवढं एकच काम आहे, आणि ते फार मोठं आहे.

तिसरा सल्ला बराकीतल्या मित्राचा असतो, मोबाइलवरून. एसआयपीपर्यंत ठीक, पण चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नाही. जानेवारी २०२० मध्ये १२ हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये ७,६०० वर आला होता. ज्याची नोकरी त्या मार्चमध्ये संपली असती, त्याच्यापाशी वाट पाहायला वेळ नसता. आणि फ्युचर्स-ऑप्शन्स तर वर्ज्यच. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास सांगतो की तीन वर्षांत शंभरातल्या ९३ किरकोळ खेळाडूंनी त्यात पैसे घालवले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या खेळाडूंत तिशीच्या आतल्यांचा वाटा ४३ टक्क्यांवर गेला होता. दूर चौकीवर रात्री मोकळा वेळ, हातात फोन आणि खात्यात नुकताच जमा झालेला पगार : हा धोका या वयाला नेमका गाठतो. त्यात पगाराच्या खात्यावर बँक मागितल्याशिवाय कर्ज मंजूर करते आणि बुलेट, मोठा फोन, बहिणीच्या लग्नाचा हॉल सगळं हप्त्यावर येतं. नोकरी चार वर्षांची असेल तर चौथं वर्ष संपायच्या आत शेवटचा हप्ता संपला पाहिजे. त्यापलीकडे जाणारं कर्ज घेऊच नये.

मग तो दिवस येतो आणि पावणेबारा लाख खात्यावर पडतात. पहिली हाक घराची येते. ‘बुकिंग करून ठेव, भाव वाढतील.’ मुलुंडमध्ये चौरस फुटाला वीस हजारांचा भाव धरला तर या पैशांत ५८ चौरस फूट येतात. उरलेल्याला कर्ज लागतं आणि बेरोजगाराला बँक ते देत नाही. मग ते वडिलांच्या नावावर, नाहीतर खासगी सावकाराकडून. पहिली दोन वर्षं घराचा विषय काढूच नये. गावचं घर, बहिणीचं लग्न, भावाचा धंदा यांतलं काहीही नाकारणं कठीण आहे. म्हणूनच मुलानं पैसे यायच्या आधी, शेवटच्या सुट्टीत, घरच्यांसमोर स्पष्ट सांगावं की एवढे लाख घराला आणि एवढे माझ्या पायावर उभं राहायला. आकडा आधी ठरला की नंतर वाद कमी होतात.

माझ्या मते वाटणी अशी असावी. एक लाख घरी, मानानं. एक-दीड लाख स्वतःच्या शिक्षणाला : पोलीस भरती, निमलष्करी दल, ड्रोन किंवा जड वाहनाचं लायसन्स, अपुरी राहिलेली पदवी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, त्यांची तयारी फुकट होत नाही. आईवडिलांसह सगळ्यांचा आरोग्य विमा लगेच, कारण लष्करी इस्पितळाचं दार आता बंद झालेलं असतं आणि ४८ लाखांचा विमाही संपलेला असतो. स्वतःवर कुणी अवलंबून असेल तर साधा टर्म प्लॅन. तेविसाव्या वर्षी तो स्वस्त पडतो. पाच-सहा लाख पोस्टात आणि दोन बँकांत वाटून. उरलेले दोन-तीन लाख, दहा वर्षं लागणार नसतील तरच, इंडेक्स फंडात, एकदम न टाकता वर्षभरात थोडे थोडे करून. पीपीएफ खातं त्याच दिवशी उघडावं. वर्षाला पाचशे रुपये भरले तरी ते जिवंत राहतं, आणि पुढे कमाई वाढली की तिथे दीड लाखांपर्यंत भरता येतात.

जे पंचवीस टक्के नियमित सेवेत राहतील, त्यांना सेवा निधीतून फक्त स्वतःची वर्गणी आणि तिच्यावरचं व्याज मिळेल. पुढे किमान पंधरा वर्षं सेवा, आणि मग पेन्शनचा मार्ग मोकळा. त्यांनी ही रक्कम नव्या गाडीवर घालवू नये. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन दुसरी नोकरी शोधायची वेळ त्यांच्यावरही येणारच आहे.

हे सगळं प्रत्येक अग्निवीराला सेवामुक्त होण्याआधी युनिटमध्येच, त्याच्या भाषेत, कागदावर आकडे मांडून शिकवलं गेलं पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांसाठी पुष्कळ केलं आहे. अग्निवीर तांत्रिक अर्थानं माजी सैनिक नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू नये. राज्य सरकारनं तसा स्पष्ट आदेश काढावा. माजी सैनिक महामंडळ, मेस्को, सुरक्षारक्षकांच्या नोकऱ्या देतं. तिथेही त्यांच्यासाठी जागा हवी.

आणि शेवटची विनंती मुलुंडकरांना. आपल्याकडे निवृत्त बँक अधिकारी आहेत, सीए आहेत, एलआयसीत आणि पोस्टात आयुष्य काढलेली माणसं आहेत. तुमच्या वस्तीतला, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनचा, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा फौजेतून परत आला असेल, तर त्याला एका रविवारी घरी बोलवा. काहीही न विकता, फी न घेता, दोन तास त्याच्याबरोबर बसा. नॉमिनीचे फॉर्म तपासा, पोस्टात त्याच्यासोबत जा, पीपीएफ खातं उघडून द्या. आणि त्याला आपला नंबर देऊन सांगा की कुणीही कुठेही सही मागितली तर आधी मला फोन कर.